एका थेंबाच्या तीन परीक्षा

ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात, बहुधा अगदी शेवटी, एक लहान खोली असते. दारावर पाटी असते, 'आयसीटीसी'. पूर्ण नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, पण एवढे लांब नाव कुणाच्या तोंडी बसत नाही. आत पडदा किंवा पार्टिशन. अलीकडे समुपदेशकाची खुर्ची, पलीकडे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे टेबल. टेबलावर रक्त गरगर फिरवून सीरम वेगळे करणारे सेंट्रिफ्यूज, कोपऱ्यात फ्रिज आणि फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात जपलेल्या किटच्या पेट्या.

त्यातल्या एका प्रकारच्या किटमध्ये चक्क प्लॅस्टिकची फणी असते. फणीच्या प्रत्येक दातावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे आधीच चिकटवलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे. छोट्या खोलगट वाट्यांत सीरमचे थेंब टाकायचे आणि फणी त्यात बुडवून ठेवायची. सीरममध्ये एचआयव्हीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे असतील तर ती त्या तुकड्यांना जाऊन चिकटतात. मग फणी धुवायची, सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. सोने इतके बारीक झाले की पिवळे दिसत नाही, लाल दिसते. प्रतिपिंडे चिकटलेली असली तर हे सोने त्यांच्यावर जाऊन बसते आणि दातावर लालसर ठिपका उमटतो. अर्ध्या तासात काम होते. त्याच दातावर आणखी एक ठिपका यावाच लागतो, तो नियंत्रणाचा. तो उमटला नाही तर किट किंवा पद्धत चुकली असे धरून चाचणी रद्द करतात.

चाचणीचा ठिपका उमटला की तंत्रज्ञ नोंद करतो 'रिअ‍ॅक्टिव्ह'. 'पॉझिटिव्ह' हा शब्द तो अजून लिहीत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला या दोन शब्दांतला फरक ठाऊक नसतो, आणि खरे तर शिकल्यासवरलेल्यांनाही नसतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या मुलखात एचआयव्हीची तपासणी का अवघड आहे हे समजून घ्यायचे तर सुरुवात याच दोन शब्दांपासून करावी लागते.

आधी विषाणूविषयी थोडे. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस, म्हणजे उलट्या चालीचा विषाणू. सजीवांच्या पेशीत मूळ दस्तऐवज डीएनएचा असतो आणि त्यावरून आरएनएच्या कामचलाऊ प्रती निघतात. या विषाणूकडे मुळातच आरएनए असतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्याजवळच्या एका खास विकराने त्या आरएनएवरून डीएनए लिहून घेतो आणि पेशीच्या डीएनएत घुसवतो. हा विकर 1970 मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधला. 1975 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. परक्या माणसाने तलाठ्याच्या दप्तरात शिरून सातबाऱ्यावर आपले नाव चढवून घ्यावे, तसा हा प्रकार. एकदा नाव चढले की ते खोडणारे औषध अजून आपल्याकडे नाही. एआरटीच्या, म्हणजे विषाणूरोधक उपचाराच्या, गोळ्या विषाणूची वाढ थांबवतात, माणूस पूर्ण आयुष्य जगतो, पण दप्तरातली नोंद राहते. माणसात रोग करणारा पहिला रेट्रोव्हायरस, एचटीएलव्ही, 1980 मध्ये प्रसिद्धीला आला. एचआयव्ही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1983 मध्ये सापडला आणि दोनच वर्षांत, 1985 मध्ये, रक्त तपासायची चाचणी बाजारात आली.

ती चाचणी विषाणू शोधत नव्हती. शरीराने विषाणूविरुद्ध उभ्या केलेल्या प्रतिपिंडांचा माग ती काढत होती. आजही आयसीटीसीतली फणी तेच करते. वाघ न दिसता पगमार्कावरून वाघ ओळखावा, असे हे काम आहे. ताडोब्याच्या भोवती राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: माग ताजा आहे की जुना, वाघाचा आहे की बिबट्याचा, हे पाहिल्याशिवाय जाणता माणूस बोलत नाही.

आता हा माग कुणाचा काढायचा?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, 1992 मध्ये स्थापन झाली. तिच्या भाषेत काही गट 'अतिजोखमीचे' आहेत: देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि हिजडा समाज, सुईने नशा करणारे. ट्रकचालक आणि कामासाठी स्थलांतर करणारे मजूर यांना 'सेतू' गट म्हणतात, कारण त्यांच्यामार्फत संसर्ग एका वस्तीतून दुसरीकडे जाऊ शकतो. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत गरोदर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.22 टक्के आढळले. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये ते 1.85 टक्के, हिजडा आणि तृतीयपंथी समाजात 3.78 टक्के आणि सुईने नशा करणाऱ्यांमध्ये 9.03 टक्के. त्याच वर्षीच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात सुमारे 3 लाख 94 हजार एचआयव्हीबाधित माणसे होती, देशात सर्वांत जास्त.

हे आकडे घेऊन या दोन जिल्ह्यांचा नकाशा पाहावा. चंद्रपूर म्हणजे कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज. घुग्घूस, माजरी, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रक धावतात. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा म्हणजे 14,412 चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातले तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. तिथेही आता एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचे लोहखनिज घेऊन ट्रकांच्या रांगा आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने जातात. आणि दरवर्षी धान कापून झाले की दोन्ही जिल्ह्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. जोखीम या सगळ्या वाटांवर आहे. वीस दिवस घरापासून लांब असलेला ड्रायव्हर, ठेकेदाराच्या झोपडीत परक्या भाषेत दिवस काढणारी बाई, दोघांवरही ती परिस्थितीने येते. आणि टोल्यातून, म्हणजे आपल्या पाड्यातून, कधी बाहेर न पडलेल्या घरधनिणीच्या वाट्याला ती तिने काहीही न करता येते. 'अतिजोखमीचा गट' हा शब्द हिशोबाला लागतो, पण माणसाच्या कपाळी चिकटवण्याजोगा तो नाही.

हिशोबाला तो का लागतो, ते पाहू. समजा, एक किट शंभर बाधितांपैकी जवळजवळ सगळ्यांना पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी अठ्ठ्याण्णवांना बरोबर 'नाही' म्हणते. दोघांच्या बाबतीत मात्र चुकून ठिपका दाखवते. प्रत्यक्षातली चांगली किट याहून अचूक असतात, पण गणित सोपे व्हावे म्हणून हे आकडे धरू. दहा हजार गरोदर स्त्रिया तपासल्या. हजारी दोन या प्रमाणाने त्यांत 20 जणी खरोखर बाधित असतील आणि त्यांना ठिपका येईल. उरलेल्या 9,980 जणींपैकी दोन टक्के, म्हणजे जवळपास 200 जणींनाही येईल, चुकीचा. ठिपका आलेल्या 220, खऱ्या 20. अकरा जणींत एक.

तीच फणी, तोच तंत्रज्ञ, तेच द्रावण घेऊन आता देहविक्री करणाऱ्या दहा हजार स्त्रियांची तपासणी केली. शंभरात दोन या प्रमाणाने 200 बाधित, आणि चुकीचे ठिपके 196. म्हणजे ठिपका आलेल्यांपैकी निम्म्याच खऱ्या बाधित. सुईने नशा करणाऱ्यांत प्रमाण नऊ टक्के धरले तर 900 खरे आणि 182 चुकीचे. सहांपैकी पाच खरे. किट बदलले नाही, ठिपक्याचा अर्थ मात्र माणूस कुठून आला यावर बदलला. चाचणी कितीही चांगली असो, आजार विरळ असला की चुकीच्या ठिपक्यांची गर्दी होते. अनेक डॉक्टरही हे विसरतात आणि एका ठिपक्यावर घरे मोडल्याच्या कहाण्या मग गावोगाव ऐकू येतात.

म्हणून आयसीटीसीत लक्षणे नसलेल्या माणसाच्या बाबतीत नियम आहे तीन परीक्षांचा. पहिल्या किटने 'नाही' म्हटले तर अहवाल निगेटिव्ह. 'आहे' म्हटले तर त्याच नमुन्यावर दुसरे आणि तिसरे किट लावायचे, वेगळ्या तत्त्वावर चालणारे किंवा विषाणूचे वेगळे तुकडे वापरणारे. एका किटला फसवणारे सीरम दुसऱ्याला सहसा फसवत नाही. वरच्या हिशोबात 200 चुकीचे ठिपके दुसऱ्या चाचणीनंतर चारावर येतील आणि तिसरीनंतर जवळपास शून्यावर. तिन्ही किटांचे एकमत झाले तरच अहवालावर पॉझिटिव्ह लिहायचे. दुसरे आणि तिसरे दोन्ही 'नाही' म्हणाले तर निगेटिव्ह, त्या दोघांत मतभेद झाला तर 'अनिर्णित', आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त.

गडचिरोलीत या सावधगिरीला आणखी एक कारण आहे. हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. मलेरियाच्या तापात शरीर नाना प्रकारची प्रतिपिंडे भराभर तयार करते आणि त्यांतली काही एचआयव्हीच्या चाचणीला चुकून जाऊन चिकटतात. युगांडात मलेरियाग्रस्त रुग्णांमध्ये असे खोटे निकाल नोंदले गेले आहेत. हिवतापाने फणफणलेल्या माणसाच्या पहिल्या ठिपक्यावर विसंबणे म्हणूनच अधिक धोक्याचे.

महाराष्ट्राची स्वतःचीही एक गोष्ट यात आहे. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत, एक आणि दोन. दुसरा मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला. 1991 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रक्तनमुन्यांत एचआयव्ही-2 लक्षणीय प्रमाणात दिसल्याचे प्रसिद्ध झाले. फरक करावा लागतो, कारण एचआयव्ही-1 वर चालणारा औषधांचा एक अख्खा वर्ग एचआयव्ही-2 वर निरुपयोगी ठरतो. म्हणून आपल्याकडच्या अनेक किटांत दोन प्रकारांसाठी दोन वेगळे ठिपके असतात.

तीन परीक्षा एकाच जागी होतात तिथे प्रश्न नाही. चंद्रपूर शहरात माणूस सकाळी रक्त देतो, दुपारपर्यंत अहवाल घेतो. भामरागडची गोष्ट वेगळी. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातला रस्ता, आणि भामरागडच्या वेशीवर पर्लकोटा नदी. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की तालुक्याच्या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. आतल्या टोल्यांचा तर नाले भरले की आधीच तुटलेला असतो. अशा टोल्यात आरोग्य सेविका बोटाला टोचून एका पट्टीवर चाचणी करते. थेंबभर रक्त, पंधरा-वीस मिनिटे. रेष उमटली नाही तर काम तिथेच संपले. उमटली तर ती म्हणजे पहिलीच परीक्षा, आणि उरलेल्या दोन परीक्षांसाठी माणसाला आयसीटीसीपर्यंत यावे लागते. तो एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. सोबत कुणाला आणावे तर कारण सांगावे लागते. चाळीस घरांच्या टोल्यात दवाखान्याच्या गाडीत कोण चढले हे चाळीसही घरांना संध्याकाळपर्यंत कळते. पहिली रेष दिसल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंतच्या या वाटेवर जी माणसे गळतात, ती किटच्या दोषाने गळत नाहीत.

या वाटेवर राखायची सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे विश्वास, आणि त्याची शिकवण भारताला अगदी पहिल्या चाचणीपासून मिळालेली आहे. 1985 च्या अखेरीला मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय दिला: इथे एचआयव्ही आहे का, ते शोध. अनेकांना ही वेळेची नासाडी वाटत होती. मद्रासमध्ये मुंबईसारखी उघड वेश्यावस्ती नव्हती. निर्मला पोलिसांनी पकडलेल्या स्त्रियांना ठेवलेल्या सुधारगृहात गेल्या आणि तिथे ऐंशीच्या वर स्त्रियांचे रक्त जमवले. हातमोजे नव्हते. नमुने काही काळ घरच्या फ्रिजमध्ये राहिले. मग रात्रीच्या गाडीने पती-पत्नी ते घेऊन वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेले. एलायझा चाचणीच्या ताटलीत सहा खाचा पिवळ्या झाल्या. एचआयव्ही भारतात आला होता.

निर्मला यांचे हे काम मोठे आहे. त्यांच्यामुळे देश जागा झाला. पण त्या सहा स्त्रियांना आपले रक्त कशासाठी घेतले हे माहीत नव्हते. नेहमीच्या गुप्तरोगांसाठी असेल, असा त्यांचा समज होता. त्या बंद दाराआड होत्या, 'नाही' म्हणायची मुभा त्यांना नव्हती. त्या काळी सगळीकडे असेच चालत असे. अतिजोखमीचा गट म्हणजे तपासायचा गट, त्याला विचारायचे काय? पुढची अनेक वर्षे या मनोवृत्तीशी लढण्यात गेली आणि त्या लढ्याचा मोठा वाटा महाराष्ट्रात झाला. सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने 1990 च्या दशकात देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्याच्या कामाच्या पुढे उभे केले. मुंबई उच्च न्यायालयात 1997 मध्ये एका हंगामी कामगाराचा खटला गाजला. रक्त तपासले, एचआयव्ही निघाला, काम गेले. माणूस काम करायला धडधाकट असेल आणि इतरांना धोका नसेल तर निव्वळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. निकालपत्रात त्या कामगाराचे नावही नाही. तो तिथे फक्त 'एमएक्स' आहे. नाव झाकण्याची ती परवानगी स्वतःच मोठी होती.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. आता माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, अहवाल तिसऱ्याला सांगता येत नाही, नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही. आयसीटीसीत पडद्याच्या अलीकडची ती खुर्ची कायद्याने तिथे आहे. समुपदेशक आधी बोलतो, मग सुई. माडियात किंवा तेलुगूत बोलता येणारे कुणी असेल तर हे बोलणे खरे होते. नसेल तर अंगठा उठतो, पण संमती मिळालेली नसते.

बोलणे किती अवघड आहे हे गडचिरोलीनेच जगाला दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्या 'सर्च' संस्थेमार्फत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी 1989 च्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी दर स्त्रीमागे 3.6. आणि त्यांच्यापैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के. ही साधी गावे होती, कुठली 'वस्ती' नव्हे. अशा आजारांनी झालेली जखम एचआयव्हीला वाट करून देते. ज्या बाईला पांढरे जाणे, अंगावरचे दुखणे कुणाला सांगता येत नाही, तिला एचआयव्हीची तपासणी करून घे म्हणण्याआधी तिचे बाकीचे दुखणे ऐकून घ्यायला हवे. अतिजोखमीच्या गटांत काम करणाऱ्या संस्था याच कारणाने त्याच व्यवसायातल्या बायकांना 'पीअर' म्हणून नेमतात. वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली असते, आणि ती वेळेवर होते ती कागदावरच्या नियमाने नव्हे तर 'चल गं, मीही येते' म्हणणाऱ्या मैत्रिणीमुळे.

ट्रकवाल्यांच्या बाबतीत वेळेचे गणित निराळे. ड्रायव्हर दिवसा गाडी भरून होण्याची वाट पाहत झोपलेला असतो आणि गाडी भरली की लगेच निघतो. त्याच्यासाठी शिबिर संध्याकाळी, ढाब्याजवळ किंवा गाड्यांच्या तळावरच लावावे लागते आणि रक्तदाब, साखर, डोळे यांच्या जोडीने एचआयव्ही ठेवावा लागतो. डोळे तपासायला तो लाजत नाही.

याच जिल्ह्यांत आणखी एक गट आहे ज्याची जोखीम त्याच्या वागण्याशी काडीचाही संबंध ठेवत नाही. तो म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले. गोंड, माडिया आणि इथल्या इतर अनेक समाजांत सिकलसेलचे जनुक बऱ्याच घरांत आहे. आजार वाढला की मुलाला रक्त द्यावे लागते, कधी वर्षातून अनेकदा. प्रत्येक पिशवी वेगळ्या दात्याची. सात-आठ वर्षांच्या पोराच्या अंगात जितक्या पिशव्या चढल्या तितक्या अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते.

दात्याच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी भारतात 1989 पासून सक्तीची आहे. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानुसार 1 जानेवारी 1998 पासून बंदी आली. रक्तपेढीत नियम आयसीटीसीच्या अगदी उलट: एकच चाचणी, आणि ठिपका आला की पिशवी नष्ट. दुसरी-तिसरी परीक्षा तिथे नाही, कारण चांगले रक्त चुकून फेकले गेले तर नुकसान एका पिशवीचे, आणि वाईट रक्त चुकून चढले तर एका आयुष्याचे. माणसाला निदान सांगायचे असते तेव्हा मात्र चुकीचा होकारही आयुष्य उद्ध्वस्त करतो. एकच फणी दोन ठिकाणी दोन नियमांनी वापरली जाते ती यामुळे.

आणि तरीही फट राहते. 2022 च्या मे महिन्यात नागपुरात थॅलेसेमियाच्या, म्हणजे अशाच वारंवार रक्त लागणाऱ्या, चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याचे उघडकीला आले. त्यातले एक मूल दगावले. आरोग्य विभागाने चौकशी लावली. कुणाही आईबापाच्या काळजाला घरे पाडणारी ही बातमी आहे, आणि ती चाचणीच्या एका मर्यादेकडे बोट दाखवते. विषाणू अंगात शिरल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. त्या काळात रक्तात विषाणू असतो, पण प्रतिपिंडांची चाचणी 'नाही' म्हणते. याला 'विंडो पीरियड' म्हणतात. बहुतेकांत तीन-चार आठवड्यांत प्रतिपिंडे दिसू लागतात. पक्की खात्री करायला तीन महिने धरतात. विषाणूचे प्रथिनही शोधणारी चौथ्या पिढीची एलायझा ही खिडकी अरुंद करते आणि विषाणूचे आरएनएच शोधणारी 'नॅट' चाचणी ती दहा-बारा दिवसांवर आणते. नॅट महाग आहे आणि सगळ्या रक्तपेढ्यांत नाही. ज्या जिल्ह्यांत मुलांना वारंवार रक्त लागते, तिथल्या पिशव्यांना ती आधी मिळायला हवी. लेखात यापेक्षा जोर देऊन सांगावे असे दुसरे काही नाही.

मायलेकरांच्या बाबतीत प्रतिपिंडांचा घोळ उलटा होतो. बाधित आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात आणि अठरा महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात राहू शकतात. त्यामुळे निरोगी बाळाच्या रक्तानेही फणीवर ठिपका येतो. आईने औषधे घेतली नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. घेतली तर ती पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. पण कोणत्या बाळाला लागण झाली हे लवकर कळायचे कसे? इथे विषाणूची ती सातबाऱ्याची चाल कामी येते. त्याने पेशीच्या डीएनएत आपले नाव चढवले असेल, तर तेच नाव शोधायचे.

त्यासाठी बाळ सहा आठवड्यांचे झाले की टाच कोमट फडक्याने शेकून टोचतात. जाड कागदाचे एक कार्ड असते, त्यावर पाच वर्तुळे छापलेली. प्रत्येक वर्तुळात रक्ताचा एक थेंब अलगद पडू द्यायचा, बोट लावायचे नाही, चोळायचे नाही. कार्ड आडवे ठेवून चार-पाच तास सावलीत वाळवायचे. लाल वर्तुळे हळूहळू चॉकलेटी होतात. मग ओल शोषणाऱ्या पुडीसह ते झिपच्या पिशवीत घालून पाकिटातून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे. पुण्याच्या भोसरीत 1992 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला. तिथे वाळलेल्या रक्तातून पीसीआरने विषाणूची जनुके शोधतात. निकाल 'आहे' आला तर दुसऱ्या नमुन्यावर पडताळा, तोवर औषध सुरू. 'नाही' आला तरी अठराव्या महिन्यात पुन्हा तीन परीक्षा.

या कार्डाला फ्रिज लागत नाही. ते टपालाने जाते. पर्लकोटेला पूर आला तर पूर ओसरेपर्यंत थांबते, फक्त पावसाळी हवेत वाळायला वेळ जास्त द्यावा लागतो. आईने बाळाला काखेत मारून दोनशे किलोमीटर जायचे नसते. बाळाच्या रक्ताचे पाच ठिपके जातात. दूरच्या टोल्यांतल्या मोठ्या माणसांसाठीही याच दिशेने जाता येईल. पहिली रेष उमटल्यावर माणसाला बोलावण्याऐवजी त्याचा नमुना पुढे पाठवायचा आणि अहवाल घेऊन समुपदेशकाने त्याच्याकडे यायचे. गाडीला, माणसाला आणि पेट्रोलला खर्च लागतो, पण वाटेत गळणाऱ्या माणसांचा हिशोब मांडला तर तो जास्त नाही.

शेवटी वेळापत्रक. मिरची तोडायला गेलेली माणसे साधारण एप्रिलमध्ये तेलंगणातून परततात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याला लागतात. सगळे घरी, सगळे एका जागी, रस्ते कोरडे: तपासणीला याहून चांगला महिना नाही. पण विंडो पीरियडचा हिशोब सोबत ठेवायला हवा. फेब्रुवारीत लागण झालेली असेल तर मेच्या सुरुवातीला तीन महिने होत आलेले असतात, चाचणी ती पकडते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली लागण त्याच दिवशी हुलकावणी देऊ शकते. तिच्यासाठी दुसरी चाचणी ऑगस्टच्या आसपास यायला हवी, आणि तेव्हा धानाची रोवणी चाललेली असते, बांध्यांत गुडघाभर चिखल आणि नाले भरून वाहत असतात. तेव्हा एकतर रोवणीला आलेल्या बायकांपर्यंत आरोग्य सेविकेने पट्ट्या घेऊन पोचायचे, नाहीतर पोळा होऊन पाणी ओसरले की सप्टेंबरात पहिल्या उघडिपीला टोल्याची यादी काढून मेमध्ये निगेटिव्ह आलेल्या प्रत्येकाला पुन्हा बोट पुढे करायला सांगायचे.